गृहसज्जता : एकतीसपैकी एकतीस

तेलंगणाच्या सीमेवरच्या बेला मंडलातल्या एका गावी सुधाकररावांच्या घरात फायबर इंटरनेट घेण्याचा ठराव एकमताने संमत झाला. एकमताने म्हणजे सुधाकरराव बोलले आणि बाकीचे जेवत होते. ठरावामागचं कारणही रीतसर सांगण्यात आलं : सूनबाईची नोकरी.

सूनबाई म्हणजे सपना. बी.कॉम. झालेली, लग्नाला दोन वर्षं. हैदराबादच्या एका विमा कंपनीला मराठी ग्राहकांचे फोन घ्यायला माणसं हवी होती, तीही आपापल्या घरी बसून काम करणारी. सपनाने गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभ्याउभ्या मुलाखत दिली, कारण त्या घरात मोबाइलला रेंज तेवढ्या एका जागी मिळते आणि तीही मधूनमधून महाराष्ट्रात जाते. तीनशे जणांतून चौदा निवडले, त्यांत ती होती. एकच परीक्षा राहिली होती. वीस नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता कंपनी कॅमेऱ्यातून तिची कामाची जागा पाहणार होती. तारेचं इंटरनेट, बंद होणारं दार आणि शांतता, इतकंच त्यांना हवं होतं. ते नसेल तर नोकरी यादीतल्या पुढच्या माणसाला मिळणार होती.

खरं कारण सांगण्याची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून ते इथे सांगतो. शेजारच्या चंपतरावांनी दसऱ्याला भिंतभर टीव्ही आणला होता. तेव्हापासून गावातली चार वजनदार माणसं संध्याकाळी सुधाकररावांच्या बैठकीत यायची ती तिकडे जाऊ लागली होती. सुधाकरराव तीन आठवडे एकटेच सुपारी कातरत बसले आणि त्यानंतर त्यांना सुनेच्या करिअरची काळजी वाटू लागली.

इंटरनेट कंपनीचा माणूस देवानंद आदिलाबादहून मोटारसायकलीवर आला. पन्नाशीकडे झुकलेला, घसा बसलेला, कमरेला पक्कड. त्याने तार आणली नव्हती, कागद आणला होता. कंपनीच्या नियमाप्रमाणे आधी घर तयार व्हायचं, मग तार यायची. कागदाचं नाव होतं ‘गृहसज्जता पत्रक’ आणि त्यात एकतीस मुद्दे होते. एकतीसच्या एकतीस मुद्द्यांवर बरोबरची खूण झाल्याशिवाय खांबावरून तार उतरवायची नाही, असा वरून हुकूम होता.

“पहिला मुद्दा,” देवानंदने वाचलं. “यंत्र जिथं वापर जास्त, तिथं बसवावं. कुठं बसवू?”

“मांगच्या खोलीत,” सपना स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. “मामाजी, मी तिथंच बसन कामाले. दार बी लागते त्या खोलीचं.”

सुधाकररावांनी पत्रकाकडे पाहून उत्तर दिलं. सुनेकडे पाहून बोलण्याचा त्या घरात रिवाज नव्हता.

“मांगच्या खोलीत कोण पाह्यते त्याले? गावातलं पह्यलं इंटरनेट हाय. बैठकीत लागन.”

“पण बाबा, वापर तं तिचा हाय,” करण म्हणाला. करण हा त्यांचा मुलगा आणि सपनाचा नवरा. त्या दिवशी त्याने केलेला विरोध इथपर्यंतच होता आणि पुढेही तो याहून फार वाढला नाही.

“वापर घराचा हाय. अन् घर माह्या नावावर हाय.”

देवानंदने लिहिलं : बैठक. त्याने खडूने भिंतीवर फुली मारली. एका बाजूला सुधाकररावांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो, दुसऱ्या बाजूला खुद्द सुधाकररावांच्या शाल-श्रीफळाचा, मधोमध फुली.

घराची तयारी सुरू झाली. फुलीची भिंत रंगवली. ती नवी दिसू लागली तशा बाकीच्या तीन भिंती जुन्या दिसू लागल्या, म्हणून त्याही रंगवल्या. मग छत काळं दिसू लागलं. छत झाल्यावर दारं लाजिरवाणी वाटू लागली. इंटरनेटला रंग दिसत नाही, असं करण एकदा जेवताना म्हणाला. त्यावर सुधाकरराव म्हणाले की माणसांना दिसतो.

सासूबाई जयवंताबाईंनी आपली बाजू सांभाळली. त्यांच्या घरात आलेलं कुठलंही यंत्र आजवर उघडं राहिलेलं नाही. मिक्सरला झबलं आहे, फ्रिजच्या मुठीला मोजा आहे. देवानंदने हाताने दाखवलेल्या मापावरून त्यांनी इंटरनेटच्या पेटीसाठी केशरी लोकरीचं आवरण विणलं, खाली गोंडे लावले आणि वर आरसे शिवले. आवरण चहूबाजूंनी बंद होतं. आत धूळ जाणार नाही याची त्यांनी पुरेपूर काळजी घेतली होती. आतून काही बाहेर यायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

नववा मुद्दा अर्थिंगचा होता. अंगणात धुण्याच्या दगडाजवळ माणूस उभा राहील एवढा खड्डा खणला, त्यात कोळसा आणि मीठ भरलं. खड्डा ओला राहिला पाहिजे, म्हणून रोज दोन बादल्या पाणी घालावं, अशी पत्रकात सूचना होती. पाणी कोण घालणार यावर चर्चा झाली नाही. घरात इंटरनेट यायला अजून बरेच दिवस होते, पण त्याने सुनेला पहिलं काम लावून दिलं होतं. ती रोज सकाळी दोन बादल्या पाणी घालायची आणि वीस तारखेला किती दिवस उरले ते मोजायची.

चौदाव्या मुद्द्यावर खरी गंमत झाली. खांब गल्लीच्या टोकाला होता आणि तिथून येणारी तार चार घरांच्या छतांवरून जाणार होती. चारही घरमालकांचा रजामंदीचा कागद हवा होता. त्यांतलं शेवटचं छत चंपतरावांचं. या माणसाने उभ्या आयुष्यात कशाला हरकत घेतली नव्हती. आपली हरकत असू शकते, हे त्याला पत्रकामुळे प्रथमच कळलं आणि तो जरा ताठ बसला.

“हरकत काहीच नाई, भाऊ,” चंपतराव म्हणाले. “पण तार माह्या घरावरून जाऊन राह्यली. पाटाचं पाणी ज्याच्या वावरातून जाते त्याले पाळी देतो का नाई आपण?”

सुधाकरराव विचारात पडले. हा मुद्दा कायद्याला धरून होता. निदान ज्या कायद्याने ते गाव पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे त्याला धरून होता. पाणी ज्याच्या बांधावरून जातं त्याची पाळी असते, हे तिथे शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

“काका, हे पाणी नाई ना,” देवानंद म्हणाला. “तारेत प्रकाश असते. छतावरून गेलं तं छताचं काही जात नाई.”

“पाण्यानं बी बांधाचं काही जात नाई,” चंपतराव म्हणाले. “तरी पाळी असते.”

यावर कंपनीच्या पत्रकात उत्तर नव्हतं. चारही घरमालकांची बैठक झाली, मुद्रांकाचा कागद आला आणि इंटरनेटच्या पाळ्या ठरल्या. सकाळी आठ ते दहा पहिलं घर. दहा ते बारा चंपतराव. दुपारी दुसरं, त्याच्यानंतर तिसरं. संध्याकाळी सहानंतर घरमालक या नात्याने सुधाकरराव. पेटीचं वारं, म्हणजे वाय-फाय, जाड भिंतींपलीकडे जात नाही, असं देवानंदने सांगितलं होतं. म्हणून ज्याची पाळी त्याने मोबाइल घेऊन बैठकीत येऊन बसावं आणि त्या वेळात दुसऱ्या कुणी इंटरनेटला हात लावू नये, असं कलमही त्यात घातलं. कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. त्या कागदात सपनाचं नाव कुठेही नव्हतं.

“मामाजी, माह्यी पाळी कोणती?” तिने विचारलं.

“तू घरचीच नाई का?” सुधाकरराव प्रेमाने म्हणाले. “घरच्या माणसाले पाळी कायले पाह्यजे?”

नोव्हेंबर उजाडला आणि वेचलेला कापूस घरी येऊ लागला. दरवर्षी तो बैठकीत भरतात. भाव चढेपर्यंत कापसाने घरात मुक्काम करायचा आणि माणसांनी अंग खाजवत त्याच्या कडेकडेने फिरायचं, अशी तिथली रीत आहे. पण बाविसाव्या मुद्द्यात यंत्राजवळ धूळ, तंतू आणि पेट घेणारा माल ठेवायला मनाई होती. कापूस हे तिन्ही आहे. सुधाकररावांनी नियम मोडला नाही. नियम मोडणारा माणूसच नव्हता तो. त्यांनी कापूस मागच्या खोलीत भरायला सांगितलं.

मागची खोली म्हणजे करण आणि सपनाची खोली. तिथे सपनाने माहेरून टेबल आणलं होतं, त्यावर स्वच्छ कापड घातलं होतं, मागच्या भिंतीला चुना दिला होता. गड्यांनी पहिल्या दिवशी टेबलाच्या खाली कापूस भरला, दुसऱ्या दिवशी टेबलाच्या वर. तिसऱ्या दिवशी दार लावायला दोघांना जोर द्यावा लागला. करण ओसरीत झोपू लागला आणि सपना आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या खोलीत. त्या खोलीला दार नाही, पडदा आहे.

“तुमी बोलत काऊन नाई?” सपनाने करणला विचारलं. ती खड्ड्यात पाणी घालत होती आणि तो मोटारसायकल पुसत होता.

“बोललो ना त्या दिवशी. बाबाले अजून कसं म्हणू? कापूस काय रोडवर टाकू का?”

“मले वीस तारखेले एक दार लागते. घंटाभरासाठी.”

“होऊन जाईन,” करण म्हणाला. आपल्याकडे ज्या माणसाला काही करायचं नसतं तो हे वाक्य वापरतो, आणि ते इतक्या मऊ आवाजात म्हणतो की ऐकणाऱ्याला भांडताही येत नाही.

अठरा तारखेला तार आली. जयवंताबाईंनी पेटीला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, केशरी आवरण चढलं. देवानंदने ते दहा मिनिटांत हात जोडून उतरवायला लावलं, म्हणून जयवंताबाई त्याच्याशी नंतर बोलल्या नाहीत. पेटीचे हिरवे दिवे लागले. बैठकीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मग देवानंद खाली बसून पत्रकावर खुणा करू लागला. भिंत : कोरडी, आहे. अर्थिंग : आहे. रजामंदी : आहे. ज्वलनशील माल : दूर, आहे. त्याने पान उलटलं आणि तो थांबला.

“एकतीस. वापर करणाऱ्याले बसाले जागा हाय का?” त्याने दाराकडे पाहिलं. “ताई, तुमी कुठं बसान?”

सपनाने तोंड उघडलं होतं.

“लिवा, हाय,” सुधाकरराव म्हणाले. “बैठकीत पंधरा माणसं बसते.”

देवानंदने पेन कागदावर टेकवलं. त्याने सपनाकडे पुन्हा एकदा पाहिलंही. तो वाईट माणूस नव्हता. पण त्याला अजून तामसीकडची दोन घरं करायची होती आणि कागदावर ‘बसायला जागा’ एवढंच विचारलं होतं, कुणाला ते विचारलं नव्हतं. त्याने खूण केली. एकतीसपैकी एकतीस. प्रमाणपत्र हातात धरून सुधाकररावांचा फोटो निघाला आणि शाल-श्रीफळाच्या शेजारी तिसरा खिळा ठोकला गेला.

वीस तारीख गुरुवारी आली. अकरा वाजता चंपतरावांची पाळी होती. ही गोष्ट सपनाने आदल्या दिवशीच ओळखली होती आणि ती स्वतः पदर सारखा करून त्यांच्या घरी गेली होती.

“काकाजी, उद्या तुमची पाळी मले द्या. नाईतं बदलून घ्या. फक्त अकरा ते बारा.”

“पोरी, तुले नाई कायले म्हणू?” चंपतराव कळवळून म्हणाले. “पण थे स्टॅम्पवर हाय. उद्या मी मोडली तं परवा बाकीचे मोडतीन. मंग कागदाले काय किंमत राह्यली? तू कर ना तुवं काम, आमी काही आवाज करत नाई.”

तर अकराला दहा मिनिटं असताना बैठकीत चंपतराव, त्यांचे दोन भाऊ, एक साडू आणि साडूसोबत आलेले एक पाहुणे असे पाच जण मोबाइल उघडून बसले होते. सुधाकरराव यजमान म्हणून सहावे. पडद्याच्या खोलीत वारं पोचत नव्हतं. स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामधल्या उंबरठ्यावर ते एक-दोन रेघा येत होतं. तिथे सपनाने पिठाचा डबा उपडा घातला, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि ती जमिनीवर बसली. खुर्च्या बैठकीत होत्या, आणि सासऱ्यांसमोर सून खुर्चीवर बसत नाही. करण शेतात निघून गेला होता. त्याला तिथे त्या दिवशी फार काम होतं.

पडद्यावर एक बाई आल्या. शांत आवाज, स्वच्छ मराठी.

“सपना, तुमची खोली दाखवता का? दार लावून घ्या.”

मग जे त्या घरात दोन वर्षांत झालं नव्हतं ते सपनाने केलं. ती उठून बैठकीत गेली आणि सगळ्यांच्या समोर उभी राहिली.

“मामाजी, तुमी सगळे जण पंधरा मिनिटं बाहेर ओसरीवर बसता का? माह्यी नोकरी जाऊन राह्यली.”

साडूच्या मोबाइलमधलं गाणं तेवढं चालू राहिलं. सुधाकरराव प्रमाणपत्राच्या फ्रेमकडे पाहत होते. आपल्या घरात, पाहुण्यांदेखत, पाळीच्या माणसांना उठवायचं, हे त्यांच्याच्याने होणारं नव्हतं. त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. कुणी उठलं नाही.

चंपतरावांना मात्र वाईट वाटलं. मदतीला धावणारा माणूस तो. ते उठले, उंबरठ्यापाशी वाकले आणि लॅपटॉपच्या पडद्यात त्यांचा भलामोठा चेहरा भरला.

“मॅडम, नमस्कार. पोरगी लय चांगली हाय. स्वयंपाक बी चांगला करते. घेऊन टाका तिले.” मग त्यांनी लॅपटॉप उचलून बैठकीत फिरवला. “हे पाहा घर. नवा रंग हाय. हे इंटरनेट, हे सर्टिफिकेट. अन् हे आमी सारे तिच्या पाठीशी हाओत.”

सगळ्यांनी हात हलवले. सुधाकररावांनी टोपी सारखी केली.

बाईंनी जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “सपना, मला कळतंय. पण मला जे दिसतं तेच लिहावं लागतं.” तासाभराने सपनाच्या मोबाइलवर दोन ओळी आल्या : घर सज्ज नाही. उमेदवारी रद्द.

सुधाकरराव भडकले. खरोखर भडकले, आणि सुनेच्या बाजूने भडकले, हे त्यांच्या श्रेयात धरायला हवं. “घर सज्ज नाई? माह्यं घर? एकतीसपैकी एकतीस हाय! हैदराबादवाल्यायले काय समजते? करण, दरखास्त लिव. या कागदाचा फोटो जोड.” दरखास्त लिहिली गेली, फोटो जोडला गेला. उत्तर आलं नाही.

“तू रडू नको,” जयवंताबाई सपनाला म्हणाल्या. “आता घरात इंटरनेट तं हाय. दुसरी नोकरी भेटन.”

“इंटरनेट तुमच्या घरात हाय, आत्याबाई,” सपना म्हणाली. ती रडत नव्हती. “मले एक खुर्ची अन् एक दार पाह्यजे होतं.”

चाळीस वर्षं त्या घरात काढून जयवंताबाईंना स्वतःलाही दार मिळालं नव्हतं, आणि ते मागता येतं हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकू आलं असावं. त्या उठून चुलीकडे गेल्या, कारण बैठकीतून चहासाठी आवाज आला होता. सहा कप.

पुढच्या आठवड्यात इंटरनेट कंपनीचा यंत्रातून बोलणारा फोन आला. आपल्या घरातील मुख्य वापरकर्ता सेवेबद्दल समाधानी असल्यास एक दाबा. सुधाकररावांनी पाळीतल्या माणसांकडे नजर फिरवली. बैठक भरलेली होती, अगदी पूर्वीसारखी, आणि चंपतरावांचा भिंतभर टीव्ही पलीकडे एकटाच पडला होता. त्यांनी मोठ्या समाधानाने एक दाबला.

आता तुम्ही सुधाकररावांना नावं ठेवाल. जुन्या वळणाचा, खेड्यातला माणूस, सुनेच्या खोलीत कापूस भरतो, इंटरनेटची पाळी लावतो. ठेवा नावं. तुमच्याकडे असलं काही नसतं. तुमच्या घरात दार असलेली खोली आहे, त्या खोलीत टेबल आहे, टेबलाला चाकांची खुर्ची आहे आणि ती तुमची आहे, कारण तुमचं काम महत्त्वाचं असतं. घरातली दुसरी नोकरी करणारी व्यक्ती जेवणाच्या टेबलावर भाजीची पाटी सरकवून बसते, नाहीतर पलंगाच्या कडेवर, मांडीवर उशी घेऊन. तिने कधी तक्रार केलेली नाही. हे खोटं वाटत असेल तर तिला विचारा. पण लगेच हाक मारू नका, ती कामावर आहे. मधे दोन मिनिटांसाठी उठली होती तेवढीच. तुमच्या हातातला हा चहा तेव्हाच झाला.